जुन्या हार्ड डिस्क: जोडायच्या, फोडायच्या की भंगारात घालायच्या?

खटपट्या

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आधी माळे उपसले जातात आणि मला व्यक्तिगत निरोप यायला लागतात: "काका, जुन्या हार्ड डिस्क निघाल्यात, काय करू?" तेच तेच टंकून कंटाळा आला, म्हणून एकदाच धागा काढतोय. पेठेत बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवी डिस्क बसवून घ्यायचं आणि जुनी "असू दे तुमच्याकडेच" म्हणून सोडून जायचं. त्यामुळे या विषयातला कच्चा माल माझ्याकडे भरपूर.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नाही. चालू डिस्क फोडणं हा गाढवपणा आणि बंद डिस्क तशीच भंगारात ढकलणं हा आळस. आणि फोडलीत तर त्यातला खरा ऐवज एकच, मॅग्नेट. बाकीच्या भागांचं कौतुक यूट्यूबवर जास्त, घरात कमी.

पहिलं काम, ती चालते का ते बघा. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली की यूएसबीच्या विजेवरच चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. नुसत्या यूएसबीवर ती उठत नाही, आणि लोक "मेली" म्हणून टाकून देतात. डिस्क दिसायला लागली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवा. त्यात ढीगभर ओळी येतात, आपण तीन बघायच्या: ०५, सी५, सी६. ०५ म्हणजे खराब निघाले म्हणून बदललेले सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयित, सी६ म्हणजे तपासणीत वाचताच न आलेले. तिन्ही शून्य असतील तर डिस्कचं बरं चाललंय. सी५ दर वेळी वाढत असेल तर तिच्यावर नातवाचे फोटो ठेवू नका. सी७ वाढलेला दिसला तर डिस्कला शिव्या घालण्याआधी केबल बदलून बघा, बहुतेकदा दोष तिचाच असतो.

अशी धडधाकट ५०० जीबीची डिस्क केसिंगमध्ये घालून दुसरी प्रत ठेवायला उत्तम. दुसरी म्हणतोय, एकमेव नव्हे.

आता जी खरोखर मेली आहे ती. साडेतीन इंचीच्या झाकणाला बहुधा टी-८ स्टार बिट लागतो, लॅपटॉपवालीला टी-५ नाहीतर टी-६. पुण्यात तपकीर गल्लीत बिटांचा सेट मिळतो, फार महागातला घेऊ नका, पण अगदी स्वस्तातलाही नको. त्याची टोकं पहिल्याच स्क्रूला गोल होतात. दिसणारे सगळे स्क्रू काढले तरी झाकण हलत नाही. इथे लोक स्क्रूड्रायव्हर खुपसून झाकण वाकवतात. थांबा. लेबलवरून अंगठा दाबत फिरवा, एका जागी कागद खड्ड्यात जातो. त्याखाली एक स्क्रू असतो, हेडचा (डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाचा) हात जिथे फिरतो त्या खुंटीच्या बरोबर डोक्यावर. तो काढला की झाकण मुकाट्याने येतं.

आत निर्वात पोकळी असते हा समज चुकीचा आहे. झाकणावर "हे भोक बुजवू नका" असं छापलेलं असतं ते हवेसाठीच. हेड तबकडीवर टेकत नाही, फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंच तरंगतं. एका कोपऱ्यात पांढरी चपटी उशी दिसेल, ती धूळ धरणारी गाळणी.

हेडच्या हाताच्या दुसऱ्या टोकाला तांब्याच्या तारेचं सपाट वेटोळं असतं आणि त्याच्या वर-खाली निकेल चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर चिकटवलेले नियोडिमियमचे मॅग्नेट. वरची पट्टी पुष्कळदा स्क्रूने बसवलेलीच नसते, आपल्याच ओढीने बसलेली असते. चपट्या स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने हळूहळू उचला. आणि बोटं! सुटलेला मॅग्नेट दुसऱ्याकडे झेपावतो, मध्ये कातडी आली तर आठवडाभर काळं-निळं मिरवावं लागतं.

मॅग्नेट पट्टीपासून सुटा करायचा मोह आवरा. एक तर तो ठिसूळ असतो. दुसरं म्हणजे पट्टी मागची बाजू झाकते आणि सगळा जोर पुढच्या बाजूला देते. शिवाय पट्टीला भोकं आयतीच असतात, दोन स्क्रू मारून कुठेही बसवा. माझ्या स्वयंपाकघरात सागवानी पट्टीमागे असे ओळीने बसवलेत, सुऱ्या-कात्र्या त्यावर. सुटाच हवा असेल तर पट्टी व्हाइसमध्ये धरून मागे वाकवायची, गोंद सुटतो. तापवायचा नाही, साधे नियोडिमियम ८० अंशांच्या पुढे कमजोर व्हायला लागतात. आणि ड्रिल तर अजिबात मारायचं नाही, तुकडे उडतात आणि त्याचा भुगा पेट घेऊ शकतो.

प्लॅटर (म्हणजे तबकडी) आणि मोटरबद्दल जाणकारांनी लिहावं, माझा त्यात जीव नाही.

शिवणकाकू

खटपट्याभाऊ, वाचनखूण साठवली.

आमच्या शिवणवर्गात हे मॅग्नेट कधीपासून आहेत, भाच्याने दिलेले. टाचण्यांच्या प्लास्टिकच्या डबीला खालून चिकटवला की डबी उपडी झाली तरी टाचण्या सांडत नाहीत. फरशीवर पडलेल्या सुया गोळा करायला मात्र मॅग्नेट उघडा वापरू नका. कापडी पिशवीत घालून फिरवायचा, सुया पिशवीला बाहेरून चिकटतात. मग डबीवर पिशवी उलटी केली आणि मॅग्नेट बाजूला ओढला की सगळ्या एकदम गळून पडतात. उघड्या मॅग्नेटवरून एक-एक सुई सोडवत बसलात तर संध्याकाळ होते.

शंकासुर

एक बाळबोध शंका. मॅग्नेट हार्ड डिस्कजवळ नेला की डेटा उडतो ना? मग द्यायच्या आधी एक मॅग्नेट सगळीकडून फिरवला की काम झालं. ते सॉफ्टवेअर वगैरे कशाला?

शून्य_एक

शंकासुर, धाग्यातच उत्तर आहे. डिस्कच्या पोटात, तबकडीपासून बोटभर अंतरावर दोन जबरदस्त मॅग्नेट आयुष्यभर बसलेले असतात. त्यांनी डेटा उडत नाही, तर बाहेरून फिरवलेल्याने काय होणार? त्यासाठी डिगॉसर नावाचं यंत्र लागतं, आणि त्यातून काढलेली डिस्क परत वापरता येत नाही, कारण हेडला रस्ता दाखवणाऱ्या कारखान्यातल्या खुणाही पुसल्या जातात.

चालू डिस्क कोणाला द्यायची असेल तर विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा. व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका फाडतो, पानं तशीच राहतात. लिनक्सवाल्यांना श्रेड ही पुसायची आज्ञा माहीत आहेच.

दगडफोड्या

एकदा शून्यं लिहून काय होतंय? लॅबमध्ये खालचा थर वाचतात. मी कमीत कमी सात वेळा पुसतो, मग हातोडा. ३५ वेळा पुसायची पद्धत उगाच आहे का?

शून्य_एक

दगडफोड्या, ती ३५ वेळांची पद्धत पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातली. त्या काळी डिस्कवर लिहिण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती होत्या, त्या सगळ्यांची सोय एकत्र केली म्हणून आकडा ३५ झाला. नंतर खुद्द गुटमन यांनीच लिहिलंय की नव्या डिस्कवर हे ३५ फेरे म्हणजे मंत्रतंत्र आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकाही आजच्या फिरत्या डिस्कला एक फेरा पुरे म्हणते. टेराबाइटच्या डिस्कवर एक फेरा म्हणजे काही तास, सात फेरे म्हणजे निम्मं आयुष्य त्यातच.

खरी फट वेगळीच आहे. जे सेक्टर खराब म्हणून बाजूला पडले (वर खटपट्यांनी सांगितलेला ०५), तिथे आता फॉरमॅट पोचत नाही. डेटा तितका नाजूक असेल तर डिस्कचा स्वतःचा सिक्युअर इरेझ आदेश वापरा. आणि हे सगळं फिरत्या डिस्कबद्दल. एसएसडीवर (तबकडीऐवजी चिपवाल्या डिस्कवर) वरून लिहून पुसणं भरवशाचं नाही, तिथे कंट्रोलर प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो.

हातोडा बंद डिस्कसाठी ठेवा. चालूवर मारू नका, पाप लागेल. (हलकेच घ्या.)

कोथरूडकर_कोकणी

हातोड्यावरून आठवलं. लॅपटॉपच्या डिस्कवर हातोडा मारणार असाल तर आधी जाड गोणपाटात गुंडाळा आणि डोळ्यांवर चष्मा चढवा. अडीच इंचीच्या तबकड्या बहुतेक काचेच्या असतात! वरून धातूचा मुलामा असल्याने दिसायला अ‍ॅल्युमिनियमच वाटतात, फुटल्या की फरशीभर चुरा होतो. साडेतीन इंचीत सहसा अ‍ॅल्युमिनियम, पण त्यातही काच निघू शकते. आयबीएमची २००० सालची ती बदनाम डेस्कस्टार ७५जीएक्सपी काचेचीच होती.

वाऱ्यावर किणकिणणारं तोरण करायचं तर साडेतीन इंचीच्याच घ्या, आवाजही चांगला. घड्याळाची तबकडी म्हणूनही चालतात, मधलं भोक मात्र घड्याळाच्या मशीनला मोठं पडतं, मागून प्लायवुडची चकती द्यावी लागते. बोटांचे ठसे ही कायमची कटकट, मऊ कापडाशिवाय हात लावायचा नाही.

अवांतर: मॅग्नेटवाल्यांनो, किनारपट्टीला राहत असाल तर निकेलचा टवका उडालेला मॅग्नेट वापरू नका. आमच्या गावच्या घरी एका पावसाळ्यात आतून फुगून पावडर झाली.

गावठी_विद्युत

मोटरबद्दल मी लिहितो, खटपट्याकाकांनी फारच घाईत निकालात काढली.

ही तीन फेजची ब्रशलेस मोटर असते. खालून तीन किंवा चार टोकं येतात. चार असली तर एक सामाईक. मल्टिमीटरने ओळखायची: सामाईक आणि फेज यांच्यातला रोध दोन फेजमधल्या रोधाच्या निम्मा भरतो. बॅटरी लावून ही फिरत नाही, एक धक्का देऊन थांबते. ड्रोनला लागतो तो ईएससी (मोटर फिरवणारा कंट्रोलर) आणि त्याला वेग सांगणारा सर्व्हो टेस्टर जोडला की फिरते. नव्या डिस्कमध्ये बॉल बेअरिंगऐवजी तेलाच्या थरावरचं बेअरिंग असतं, म्हणून आवाज जवळपास नाही.

पण काकांचं एक खरं, ताकद नाही. ही मोटर हलकी तबकडी एका ठरावीक वेगाने, ५४०० किंवा ७२०० फेरे, सतत फिरवायला बनवलेली. सँडपेपर लावून पॉलिशिंग मशीन केलेलं व्हिडिओत दिसतं, लाकूड जरा दाबलं की थांबतं. जनरेटर म्हणून? शाळेच्या प्रदर्शनापुरता. दोन फेजवर लाल एलईडी लावा, भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तशी दोरी मधल्या भागाला गुंडाळून जोरात ओढा, एलईडी लुकलुकतो. त्यावर मोबाइल चार्ज होईल अशा आशेने पवनचक्की करू नका.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच. हेडच्या हाताचं ते तांब्याचं वेटोळं आहे ना, त्याच्या दोन तारा छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या जागी जोडा. झाकण काढलेली डिस्क गाणं म्हणते! आवाज बारीक असणार, पण शब्द कळतात. शेवटी स्पीकर म्हणजे तरी काय, मॅग्नेट आणि वेटोळंच. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज हळूहळू वाढवा, वेटोळ्याचा रोध थोडाच असतो, वाटल्यास मालिकेत एक रेझिस्टर टाका.

आणि हात ज्या खुंटीवर फिरतो ते बेअरिंग टाकू नका. इतकं गुळगुळीत बेअरिंग विकत घ्यायला गेलात तर खिसा हलका होतो.

गुरुजी_सावंतवाडी

गावठी_विद्युत, गाणाऱ्या डिस्कचा प्रयोग यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला नक्की.

मी आठवीच्या वर्गात एक सोपा प्रयोग करतो तो सांगतो. जर्मनची (म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची) मोठी परात घ्यायची, स्टीलची नव्हे. ती तिरकी धरून वरून आधी एक खोडरबर सोडायचं, मग हार्ड डिस्कमधला सुटा मॅग्नेट. जर्मनला मॅग्नेट चिकटत नाही हे मुलांनी आधीच तपासलेलं असतं, त्यामुळे तो सुळकन घसरणार अशी त्यांची खात्री. आणि तो सावकाश, ब्रेक लागल्यागत उतरतो. वर्गात एकदम गलका होतो. "सर, परातीला तेल लावलंय", "सर, खाली मॅग्नेट धरलाय", सगळे आरोप होतात. मग परात त्यांच्याच हातात द्यायची.

हलणाऱ्या मॅग्नेटमुळे धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते त्याच्याच हालचालीला विरोध करतात. लेन्झचा नियम फळ्यावर लिहायच्या आधी हातात येतो. हाच प्रयोग उलटाही करता येतो: अ‍ॅल्युमिनियमची तबकडी दोऱ्याला टांगून झोका द्यायचा आणि मॅग्नेटची जोडी तशीच फटीसह ठेवून त्या फटीतून तो जाऊ द्यायचा. झोका तिथेच मरतो.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळण्यांची जी दिशा दाखवली, त्यात ही डिस्क अगदी चपखल बसते. दहावीच्या मुलांना आणखी एक सांगतो: जुन्या डिस्कच्या हेडमध्ये जो परिणाम वापरायचे, जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, त्यासाठी फेर आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. भंगारातल्या वस्तूत नोबेल आहे म्हटल्यावर मागच्या बाकावरचे पण माना वर करतात.

बालडॉक्टर

गुरुजी, प्रयोग झकास, पण मॅग्नेट मोजून द्या आणि मोजून परत घ्या. हार्ड डिस्कचे मोठे असतात म्हणून ठीक, पण त्यांचे फुटलेले तुकडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन तुकडे वेगवेगळ्या वेळी गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटून भोक पडतं. सुरुवातीला लक्षण साध्या पोटदुखीचं. संशय आला तरी केळं खायला घालून वाट बघू नका, सरळ एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. आणि पेसमेकरवाल्या आजी-आजोबांच्या छातीजवळ हे खेळ नकोत.

कोल्हापुरी_ठसका

धागा लई भारी. एक माझ्याकडनं.

ज्यांच्याकडं जुन्या आयडीई डिस्क आहेत, ४० जीबी, ८० जीबी, रुंद पट्ट्याच्या केबलवाल्या, त्यांनी चालू असतील तर फोडू नका राव. शिरोली एमआयडीसीत असली जुनी सीएनसी मशिनं अजून आहेत ज्यांचा कॉम्प्युटर साटा (नंतरच्या डिस्कची जोडणी) ओळखतच नाही. मशीन लाखांचं, अडतंय ८० जीबीच्या डिस्कवर. मालक दुप्पट पैसे घेऊन हिंडतो आणि मिळत नाही. दुरुस्तीवाल्या पोरांना विचारा, लगेच घेतील. देताना मागचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) काढून फेकू नका तेवढं, मास्टर-स्लेव्ह, म्हणजे पहिली डिस्क कुठली आणि दुसरी कुठली, त्याच्यावरच ठरतंय.

भंगारपंडित

मी ई-कचऱ्याच्या धंद्यात आहे, परवानावाल्या बाजूला. कंपनीचं नाव नको.

डिस्क गल्लीतल्या भंगारवाल्याकडे गेली की पहिल्यांदा मागचं हिरवं कार्ड उपटतात, ते वेगळ्या गिऱ्हाइकाला. अ‍ॅल्युमिनियमचं खोकं भट्टीवाल्याला. झाकण आणि मॅग्नेटची पट्टी लोखंडाच्या ढिगात, वजनावर. म्हणजे डिस्कमधली जी वस्तू दुर्मिळ, ती लोखंडाच्या भावात जाते आणि भट्टीत मळीबरोबर संपते. कार्डावरच्या सोन्याच्या नादाने घरी अ‍ॅसिडचे व्हिडिओ बघून प्रयोग करणारे महाभाग आहेत. एका कार्डावर सोनं नावाला असतं, आणि त्या धुराने फुफ्फुसं जातात. मुरादाबादला रामगंगेच्या काठी कार्डं जाळून काय झालंय ते बातम्यांत आलेलं आहे.

मोठ्या कंपन्यांचं वेगळंच. त्यांना डेटाची धास्ती, म्हणून डिस्क अख्खी श्रेडरमध्ये (भुगा करणाऱ्या यंत्रात). तिथे मॅग्नेटचा भुगा होतो आणि तो लोखंडाच्या तुकड्यांना, यंत्राच्या भिंतींना चिकटून बसतो. वेगळा काढणं महाकठीण. शून्य_एक यांनी सांगितलं तसं एक फेरा पुसून डिस्क परत वापरली किंवा निदान हाताने उघडली तर हे टळतं, पण ऑडिटरला भुगा दाखवला की त्याचं समाधान होतं.

आकडे सांगतो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला २२.३ टक्के. आणि दुर्मिळ मृदा धातूंच्या (मॅग्नेटमधलं नियोडिमियम त्यातलंच) जगाच्या मागणीपैकी ई-कचऱ्यातून भागते जेमतेम १ टक्का. २०१० मध्ये चीन-जपानचं फाटलं आणि जपानची या धातूंची आवक अडली, त्याच वर्षी हिताचीने हार्ड डिस्कमधून मॅग्नेट काढायचं यंत्र दाखवलं. डिस्क ड्रममध्ये घालून गदागदा हलवायच्या, स्क्रू ढिले होऊन भाग सुटतात. तासाला १०० मॅग्नेट, हाताने होतात त्याच्या आठपट. एप्रिल २०२५ मध्ये चीनने पुन्हा निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा आपल्याकडचे गाड्यांचे कारखानदार हवालदिल झाले. त्याच महिन्यात वेस्टर्न डिजिटल आणि मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की डेटा सेंटरमधल्या सुमारे ५०,००० पौंड डिस्कच्या भुग्यातून, अ‍ॅसिड न वापरता, हे धातू परत मिळवले.

आपल्याकडे? ई-कचरा नियम २०२२, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यात उत्पादकांनी विकत घ्यायची पुनर्वापराची सर्टिफिकेटं बनतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या चार धातूंच्या हिशोबाने. नियोडिमियम त्यात नाही! मग रिसायकलर मॅग्नेट कशाला वेगळा काढत बसेल? मजुरी कोण देणार? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली, नोव्हेंबरात मॅग्नेट देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची. पैसा आला तर आमच्या धंद्यात हा ढीग वेगळा व्हायला लागेल, आज तरी होत नाही.

म्हणून मी घरगुती मंडळींना सांगतो: मॅग्नेट काढून घ्या, वापरा, नाहीतर डब्यात साठवा. कार्ड, खोकं, मोटर हे मात्र परवानाधारकाकडेच द्या. यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर आहे. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक ताईंना विचारा, त्या ई-कचरा वेगळा घेतात.

खटपट्या

भंगारपंडित, दंडवत! चार धातूंचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. माझी मॅग्नेटची बरणी आता अभिमानाने काचेच्या कपाटात ठेवतो.

म्युनिकवासी

इकडे जर्मनीत ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाला २५ सेंटीमीटरपर्यंतची जुनी वस्तू काही विकत न घेताही परत घ्यावीच लागते. २०२२ च्या जुलैपासून मोठ्या किराणा दुकानांनाही, तीही इलेक्ट्रॉनिक वस्तू विकत असतील तर. दारातच डबा असतो, दूध आणायला जाताना डिस्क टाकून यायची. सोय उत्तम, पण त्या डब्यातून पुढे श्रेडरच. मॅग्नेट वाचत नाहीत ते नाहीतच.

फोटोवाली

अर्जंट आहे, प्लीज. साडेतीन इंची बाहेरची डिस्क, तिच्यात दोन लग्नांचे मूळ फोटो. भावाने चुकून लॅपटॉपचा चार्जर लावला, पिन तीच होती. एकदा टच झालं आणि डिस्क गप्प. हा धागा वाचून उघडून बघावी का? एक जण म्हणाला फ्रीझरमध्ये रात्रभर ठेव.

खटपट्या

ताई, झाकणाच्या स्क्रूला हातसुद्धा लावू नका! घरातल्या धुळीत उघडली की जे वाचण्याजोगं आहे तेही जाईल. आणि फ्रीझर नको. तो जुन्या काळातला तोडगा, आता फक्त तबकडीवर दव धरतं.

तुमचं लक्षण चांगलं आहे, खरंच सांगतो. १२ व्होल्टच्या जागी १९ गेले. मागच्या कार्डावर वीज येते तिथे टीव्हीएस नावाचे दोन डायोड असतात, जास्त दाब आला की ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं कार्ड वाचवतात. बऱ्याचदा एवढंच गेलेलं असतं. मल्टिमीटर वापरता येणाऱ्या माणसाकडून १२ व्होल्टचा डायोड शॉर्ट आहे का बघून घ्या. शॉर्ट निघाला तर तो काढून टाकला की डिस्क उठते, योग्य अ‍ॅडॉप्टर लावा आणि तत्क्षणी सगळं दुसरीकडे उतरवा. आता तिला कवच नाही, पुन्हा रोजच्या कामाला जुंपू नका.

गावठी_विद्युत

+१. आणि कोणी "सेम मॉडेलचं कार्ड आणून बदलू" म्हणालं तर नुसतं बदलून चालत नाही. जुन्या कार्डावरची आठ पायांची रॉम चिप नव्या कार्डावर बसवावी लागते, तिच्यात त्याच डिस्कचे खास आकडे असतात. डायोड ठीक असेल तर कार्ड सोडवून हेडकडे जाणारे संपर्कबिंदू बघा, काळे पडले असतील तर पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा.

फोटोवाली

डायोडच होता!!! कॉपी चालू आहे. सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला धागा वाचायला बसवलाय.

चक्कीवाले

खटपट्याभाऊ, बरणीतले चार मॅग्नेट मला द्याल का? गिरणीच्या हॉपरात लावायचेत. गव्हातून खिळे, तारा येतात, जात्याच्या दगडात गेले की दगडाला पुन्हा टाकी लावावी लागते.

खटपट्या

या आणि घेऊन जा, व्यक्तिगत निरोप करा. हॉपरच्या पत्र्याला बाहेरून लावा, आतून लावलेत तर एखादा टवका पिठात जायचा. बाहेरून असला की आतल्या बाजूचे खिळे रोज हाताने पुसून काढायचे, तेवढं विसरू नका.

शंकासुर

शेवटची शंका. ऑफिसातून १० टीबीची एक बंद डिस्क मिळाली आहे. तिच्या झाकणाला स्क्रूच सापडत नाहीत, लेबलखालीही नाही, आणि ते भोकही नाही.

खटपट्या

ती हेलियमची. २०१३ मध्ये एचजीएसटी कंपनीने पहिली आणली. हेलियम हवेपेक्षा हलका, तबकड्यांना घर्षण कमी, म्हणून त्याच जागेत जास्त तबकड्या मावतात. वरचं पातळ झाकण वेल्ड केलेलं असतं, उघडायचं तर कापावं लागतं. पण कापू नका इतक्यात. या वर्गातल्या डिस्कना बहुतेक ५ वर्षांची वॉरंटी असते. लेबलवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, वॉरंटी शिल्लक असेल तर ऑफिसला सांगा, बदलून मिळेल. शिल्लक नसेल तर या रविवारी माझ्याकडे घेऊन या, कटर आहे.